काढलं तर काय अडतं

योगिनीने लाल पेनाने कोंबडीवर आडवी रेघ मारली आणि कागद जाईपुढे सरकवला.

"ही कशाला हवी?"

जाई वाकून बघायला लागली. उतारा समुद्रातल्या एका दीपगृहात राहायला गेलेल्या कुटुंबाचा होता. चारी बाजूंना पाणी, महिना महिना बोट नाही, वादळात खिडक्यांच्या काचा फुटलेल्या. त्या माणसांनी तिथले हाल कसे सोसले ते ऐंशी शब्दांत लिहायचं होतं. जाईचे ऐंशी शब्द संपले तेव्हा बोट नुकती धक्क्याला लागत होती. कुटुंब अजून जिनासुद्धा चढलं नव्हतं. पण बोटीतून कोण कोण उतरलं, ते मात्र एकही न गाळता लिहिलेलं होतं. नवरा, बायको, दोन मुलं, पिठाची पोती आणि मटिल्डा नावाची तांबडी कोंबडी.

"तिला नाव आहे," जाई म्हणाली.

"असू दे की. प्रश्नात कोंबडीचं नाव विचारलंय का?"

"नाही. पण लिहिणाऱ्याने लिहिलंय ना, चेर."

इथली मुलं हाक मारताना 'टीचर'मधलं पुढचं अर्धं खाऊन टाकतात आणि उरतं ते 'चेर'. सिंगापूरला आल्यावर पहिल्या वर्षी योगिनीला ते कानाला टोचायचं. आता बारा वर्षांनी कोणी पूर्ण 'टीचर' म्हटलं तर चुकल्यासारखं वाटे.

टेबलाच्या पलीकडून तन्मय खुसखुसला. "शी कान्ट किल द चिकन, लाह!"

बाकीची दोघं हसली. जाई हसली नाही, चिडलीही नाही. ती कोंबडीवरच्या लाल रेघेकडे बघत राहिली.

मरीन परेडला, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचं हे ट्युशन सेंटर. नवरा प्रबोध चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कामाला लागला तेव्हा योगिनी पुण्यातली शाळा सोडून त्याच्याबरोबर आली आणि दोन वर्षं घरी बसून कंटाळल्यावर इथे शिकवायला लागली. इंग्रजीच्या पेपरात मुलं जिथे हमखास मार्क घालवतात, त्या सारांशावर तिचा हात बसलेला होता. समरी असेल तर योगिनी मॅडमकडेच पाठवा, असं आया एकमेकींना सांगत. तिची रीतही सोपी होती. उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे काढलं तर काय अडतं? काही अडत नसेल तर मारा काट. या एका प्रश्नावर तिने कितीतरी मुलं पार केली होती.

तोच प्रश्न तिने आताही विचारला. "बघ जाई. कोंबडी काढली तर काय अडतं?"

जाईने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, पेनाचं टोपण दाताखाली धरून.

"कोणाचं?" तिने विचारलं.

योगिनीने घड्याळाकडे पाहिलं. तास संपत आला होता. "पुढच्या वेळी बोलू," ती म्हणाली.

पुढच्या वेळीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. उतारा मिठागरांचा असो की मधमाश्यांचा, जाईचा सारांश पहिल्या परिच्छेदाच्या उंबऱ्यावर बसून राहायचा. बरं, मुलीला समजत नव्हतं असं नाही. उताऱ्यावर काहीही विचारा, उत्तर तयार. निबंध वाचताना तर योगिनी चहा प्यायची विसरायची. आणि तरी वर्षाअखेरीच्या ओ-लेव्हल परीक्षेत, म्हणजे इथल्या दहावीत, ही मुलगी निव्वळ काही गाळायचं नाही म्हणून मार्क घालवणार, हे दिसत होतं. योगिनीला आधी वाटलं, वय आहे, हट्ट करतेय. मग वाटलं, घरी बोलायला हवं.

जाईचे वडील सारंग तेलवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. आई, चित्रा, अधूनमधून खाली लिफ्टपाशी उभी दिसायची. हसून मान हलवायची, इतकंच. घरच्या नंबरवर फोन केला की नेहमी जाईच उचलायची.

"मला आईशी बोलायचंय, जाई. तू नसताना."

"मी नसताना नाही जमणार, चेर," जाई म्हणाली. "आईला ऐकू येत नाही."

पुढच्या स्टेशनला गाडी थांबत नाही म्हणून सांगावं, इतक्या साध्या सुरात.

शनिवारी सकाळी दोघी आल्या. चित्राने हात जोडून नमस्कार केला आणि खुर्ची ओढून खिडकीकडे पाठ करून बसली. जाई आईशेजारी बसली नाही. ती टेबलाला वळसा घालून योगिनीच्या बाजूला, किंचित मागे येऊन बसली.

"इथून आईला तुम्ही पण दिसता, मी पण," तिने सांगितलं. "मराठी सावकाश बोललात तर थोडं तिला ओठांवरून कळतं. बाकीचं मी सांगते. तुम्ही आईकडे बघून बोला, चेर. माझ्याकडे नको."

योगिनीने घरून चार कडक वाक्यं तयार करून आणली होती. ती आता जिभेवर येईनात. "जाई हुशार आहे," तिने सुरुवात केली. "मन लावून करते. बाकी सगळं छान आहे." डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला जाईचे हात हलताना दिसत होते, हवेत काहीतरी मांडल्यासारखे, पुसल्यासारखे. चित्राची नजर योगिनीच्या ओठांवरून त्या हातांवर आणि परत ओठांवर येत होती. इतकं लक्ष देऊन आपलं बोलणं कधी कोणी ऐकलं होतं का, असं योगिनीच्या मनात आलं. आणि त्या लक्षामुळेच असेल, तिला जाई शेजारी आहे याचा विसर पडला.

"खरं सांगू का, चित्राताई, ती हट्टी आहे. मी सांगते ते तिला कळतं, पण ती ऐकत नाही. असंच राहिलं तर चांगलं ज्युनिअर कॉलेज मिळायचं नाही, आणि तो दोष फक्त तिचा असेल."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. जाईचे हात थांबले नव्हते. जाईने मूठ आवळून हनुवटीखाली धरली, मान ताठ केली. हट्टी. मग एक बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. दोष माझा.

"अगं, ते नको सांगूस," योगिनी घाईघाईने म्हणाली. "एवढंच सांग की सराव कमी पडतोय."

"तुम्ही तसं नाही म्हणालात," जाई म्हणाली. आणि हेही तिने आईला सांगितलं. की चेर म्हणतायत, ते नको सांगूस.

चित्रा मोठ्याने हसली. ते हसणं योगिनीने आजवर ऐकलेल्या कुठल्याच हसण्यासारखं नव्हतं, पण ते हसणंच होतं. मग तिचे हात चालायला लागले आणि शेजारून जाईचा आवाज आला.

"हट्टी तर मीच आहे. तिने माझ्याकडूनच घेतलंय."

योगिनी तिच्याकडे वळली. "कोणाकडून घेतलंय?"

"मी नाही, आई. आईचं बोलणं मी बोलतेय. आई 'मी' म्हणाली की मी पण 'मी'च म्हणते." जाईने हाताने खूण केली, तिच्याकडे बघा.

योगिनी पुन्हा समोर वळली. आता तिने चित्रालाच विचारलं. "काहीच गाळायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं?"

चित्राचे हात मांडीवर गेले. थोड्या वेळाने वर आले. सावकाश आले, आणि जाईचा आवाजही तितकाच सावकाश.

"मिरजेला आमचं मोठं घर होतं. जेवायला बारा-पंधरा पानं. सगळे बोलायचे, सगळे हसायचे. खूप हसायचे. मी ताईला विचारायची, काय झालं? ती म्हणायची, काही नाही गं, शिरीषदादाने गंमत केली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत सगळे हसलेले आणि मला काय मिळायचं? शिरीषदादाने गंमत केली. कोणती गंमत, ते नाही. पंगत त्यांची उठायची, मला नुसती पदार्थांची नावं कळायची."

जाईने श्वास घेतला. खालून दवाखान्यातल्या मशीनचा बारीक आवाज येत होता.

"लग्न होऊन इथे आले. नंतर माझे अण्णा आजारी पडले. घरी फोन व्हायचे. सारंग असला की तो बोलायचा, नाहीतर मेसेज यायचे. बरे आहेत. काळजी नको. बरे आहेत. एक दिवस मेसेज आला, निघून ये. मी पोचले तेव्हा घरात पाहुणे जेवत होते. दहावा झाला होता त्या दिवशी. नंतर मी विचारलं, असं का केलंत? म्हणाले, तू एवढ्या लांब, तुला त्रास कशाला? म्हणून थोडक्यात कळवत होतो."

मग जाईकडे बोट दाखवून चित्राने पुढे सांगितलं आणि जाईने तेही त्याच आवाजात सांगितलं. "माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. परत आल्यावर मी तिला म्हटलं, आपल्या घरात थोडक्यात चालणार नाही. जे बोललं जाईल ते सगळं मला सांगायचं. चांगलं, वाईट, फालतू, सगळं. त्यातलं काय टाकायचं ते मी ठरवीन."

जाईने ओठांवरून जीभ फिरवली. स्वतःबद्दल 'माझी मुलगी' म्हणताना तिचा आवाज जराही हलला नव्हता.

टेबलावर जाईचे कागद होते, सगळ्यात वर दीपगृहाचा. चित्राने तो स्वतःकडे ओढला. आधी छापलेला उतारा वाचला, मग मुलीचा सारांश, मग लाल रेघ. वाचून झाल्यावर तिने जाईला काहीतरी विचारलं. जाईने उत्तर दिलं. चित्राने पुन्हा विचारलं. दोघींचे हात भराभर चालायला लागले, एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. भांडण आहे की काय ते योगिनीला कळेना.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"एक मिनिट, चेर." आणि लगेच जाई वरमली. "सॉरी. सांगते. आईने विचारलं, हा पेपर तपासतं कोण. मी म्हटलं, परीक्षक. आई म्हणाली, त्याच्याकडे हा उतारा असतो का? मी म्हटलं, म्हणजे काय, असतोच ना पूर्ण. तर आई म्हणतेय..." ती अडखळली, आणि चित्राने हात उंचावून तेच पुन्हा केलं. "आई म्हणतेय, मग कोंबडी त्याला माहीत आहे. तू तिला काढलंस तरी त्याच्यापासून काही लपत नाही. ज्याच्याजवळ सगळं आहे त्याला थोडक्यात सांगितलं तर त्यात फसवणूक नसते."

मग जाई स्वतःचं म्हणून हळूच म्हणाली, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

त्या शनिवारनंतर जाईला सारांश शिकवावा लागला नाही. गाठ सुटावी तसं झालं. ती वाक्यं उचलायची, पारखायची, खाली ठेवायची. दोन वाक्यांचं एक करताना तिचा हात इतका हलका पडायचा की सांधा शोधूनही सापडू नये. महिन्याभरात तन्मय तिच्या कागदात डोकावायला लागला. प्रीलिमच्या पेपरात तिला सारांशात जवळजवळ पूर्ण मार्क मिळाले, तेव्हा योगिनीने त्या आनंदात प्रबोधला कटॉन्गला लाक्सा खायला नेलं आणि रस्ताभर जाईचंच सांगत राहिली.

चित्राशीही तिची ओळख वाढली. लिफ्टपाशी आता दोघी थांबून बोलायच्या, थोडं ओठांनी, थोडं फोनवर टाइप करून. काही खुणा योगिनीने उचलल्या. छान. परीक्षा. चहा. उद्या. चुकलं की चित्रा तिचा हात धरून बोटं नीट करून द्यायची.

सप्टेंबरात जाई एक अर्ज घेऊन आली. वेल्समध्ये समुद्राकाठी एक निवासी शाळा होती, दोन वर्षांची शिष्यवृत्ती देणारी, जगभरातल्या मुलांसाठी. जाईला समुद्री प्राण्यांचा अभ्यास करायचा होता आणि त्या शाळेच्या स्वतःच्या होड्या होत्या. अर्जाचं सारंगनेच बोटीवरून सुचवलं होतं. चित्राने तर त्या शाळेचे फोटो योगिनीला दोनदा दाखवले. अर्जाबरोबर स्वतःबद्दल पाचशे शब्द लिहायचे होते. ते जाईने लिहून आणले, चेरने नजर टाकावी म्हणून.

योगिनीने वाचलं. त्यात पासिर रिसच्या खारफुटीतली खेकड्यांची बिळं होती, बाबांच्या जहाजाचं इंजिन होतं, पोहायला शिकताना घाबरलेली जाई होती. कुठे एक शब्द जास्त नव्हता. योगिनीने शेवटचं पान उलटून मागे पाहिलं.

"आईबद्दल काहीच नाही लिहिलंस?"

जाई दप्तराची चेन लावत होती. "शब्द पुरत नव्हते."

"अगं, पण तू घरी जे करतेस, लहानपणापासून जे करत आलीयस, ते दुसऱ्या कोणाकडे नसेल."

"काढलं तर काही अडत नाही, चेर," जाई म्हणाली.

त्या शाळेतल्या माणसांसमोर पूर्ण उतारा नाहीये, असं योगिनीच्या ओठांवर आलं होतं. पण दारातून पुढच्या तासाची मुलं आत शिरली, खुर्च्या सरकल्या, आणि जाई "थँक यू, चेर" म्हणून निघूनही गेली.

परीक्षा संपल्या. तन्मयची आई नीता हौशी बाई, चार माणसं गोळा केल्याशिवाय तिचा रविवार उजाडत नसे. तिने ईस्ट कोस्टच्या बागेत एक बार्बेक्यूची जागा घेतली आणि योगिनी-प्रबोधला, जाई-चित्राला बोलावलं. दुपार कलताना सगळे जमले. प्रबोध आणि तन्मय शेगडीतले कोळसे पेटवायच्या खटपटीत होते. कोणीतरी हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवरून साते, काडीला लावून भाजलेलं चिकन, आणले होते. सायकलींच्या घंटा वाजत जात-येत होत्या. दूर पाण्यावर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची रांग होती.

चित्रा बाकावर योगिनीशेजारी बसून संत्री सोलत होती. एक फोड स्वतःला, एक योगिनीला. नीता शेगडीपाशी उभी राहून कणसं भाजत होती. तिची बाकाकडे पाठ होती. जाई तिच्या समोर, हातात थाळी धरून.

"मग जाई, त्या वेल्सच्या शाळेचं काय झालं?" नीताने विचारलं. "तन्मय म्हणाला, इंटरव्ह्यूला बोलावलंय तुला."

"हो, मावशी. व्हिडिओवर आहे. मंगळवारी."

"अरे वा! मग?"

"मी नाही देणार."

नीताने कणीस फिरवायचं थांबवलं. "का गं?"

"बाबा बोटीवर असतात," जाई म्हणाली. ती खाली थाळीकडे बघत होती. "दोन वर्षं आई एकटी कशी राहील? डॉक्टरकडे जायचं, बँकेत जायचं, घरमालकाचा फोन आला तर... कोण बोलणार? मी इथेच पॉलिटेक्निकला जाईन. तेही चांगलं आहे."

"किती समजूतदार आहेस गं तू!" नीताचा आवाज भरून आला. "आमच्या कार्ट्याला सांग जरा. खरंच, तुझ्या आईचं तुझ्यावाचून होणार कसं? देव तुझं भलंच करेल. आई-बाबांना सांगितलंस?"

"अजून नाही. इंटरव्ह्यू होऊन गेला की सांगेन. म्हणजे, मंगळवार गेला की."

योगिनीच्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली. इंटरव्ह्यूचं बोलावणं आल्याचं तिलाही माहीत नव्हतं. गेल्याच आठवड्यात चित्राने फोनवर टाइप करून तिला विचारलं होतं की शाळेकडून अजून काहीच कसं नाही, एवढा वेळ लागतो का.

चित्राने मान वर केली होती. तिला नीताची पाठ दिसत होती आणि जाईचा चेहरा. तिने संत्र्याची साल बाजूला ठेवली आणि भुवया उंचावून मुलीला विचारलं. काय?

जाईने थाळी एका हातात घेतली. दुसऱ्या हाताने दोन खुणा केल्या. त्या दोन्ही योगिनीला येत होत्या. परीक्षा. छान.

चित्राने पुन्हा विचारलं. तोच हात, तशाच भुवया. जाईने पुन्हा त्याच दोन खुणा केल्या आणि हसून कणसाकडे वळली.

ऐकू न येणाऱ्या माणसाला बोलणं किती वेळ चाललं होतं ते चांगलं कळतं. चित्राने आयुष्यभर तेवढंच तर मोजलं होतं. ती बाकावर वळली आणि योगिनीकडे बघायला लागली. हाताने काही विचारलं नाही, तोंडानेही नाही. नुसती बघत राहिली.

तिच्या खांद्यावरून योगिनीला जाई दिसली. जाईने मान हलवली. अगदी थोडी. नको.

योगिनीला दोन-चार वाक्यं सुचली. नीता जाईचं कौतुक करत होती. पुढे काय शिकायचं, त्यावर बोलणं चाललं होतं. जाईला इथलं पॉलिटेक्निक आवडलंय. सगळी छोटी होती, सुबक होती, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

तिने हातातली फोड बाकावर ठेवली.

"नीताने विचारलं," ती सावकाश म्हणाली, "वेल्सच्या शाळेचं काय झालं."

"चेर, नको," चित्राच्या मागून जाई म्हणाली.

"जाईला त्यांनी इंटरव्ह्यूला बोलावलंय. मंगळवारी."

चित्राच्या कपाळाला आठी पडली. मधला शब्द तिला ओठांवरून लागला नव्हता. योगिनीने तो पुन्हा म्हटला. आणखी सावकाश, तोंड जास्त उघडून. चित्राने मान हलवली. योगिनीने हात उचलले, पण त्या शब्दाची खूण तिला येत नव्हती, पुढच्या कशाचीच येत नव्हती. छान, परीक्षा, चहा, उद्या. एवढ्यात हे बसणार नव्हतं. तिने फोनसाठी पिशवीत हात घातला. तो सापडेना.

तेवढ्यात गवतावर थाळी ठेवल्याचा आवाज झाला. जाई आली. चित्राच्या समोर, अगदी तिच्या गुडघ्यांपाशी, खाली बसली. हात कुर्त्याला पुसले.

"तुम्ही सांगू नका, चेर. तुमचं अर्धंच होईल," ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. नीताने काय विचारलं इथपासून. आपण काय उत्तर दिलं ते, डॉक्टर, बँक, घरमालक, सगळं. मध्येच तिने नीतामावशीचा भरून आलेला चेहराही करून दाखवला. बोलावणं कधी आलं ते सांगितलं. मंगळवार जाऊ देणार होते, तेही. मग तिने परीक्षा आणि छान या दोन खुणा पुन्हा केल्या आणि त्यांच्यावर हात फिरवला, फळा पुसावा तसा. शेवटी आईवरची नजर न हलवता अंगठ्याने योगिनीकडे दाखवलं. चेर सांगणार होत्या. सगळं सांगून होईपर्यंत तिचे गाल ओले झाले होते. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

चित्रा शेवटपर्यंत बघत होती. जाईचे हात खाली आले तेव्हा तिचे वर गेले.

ते बोलणं बराच वेळ चाललं. भराभर, मोठं, मध्ये कुठे दम न घेता. एकदा तिने जाईकडे बोट रोखलं, एकदा समुद्राकडे हात केला, दोनदा स्वतःच्या छातीवर थाप मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिच्या घशातून एक जाड, उघडा आवाज निघाला आणि सायकलवरून चाललेल्या दोघांनी वळून पाहिलं. जाई मान खाली घालायला गेली तर चित्राने तिची हनुवटी धरून वर केली, आणि हात पुन्हा सुरू.

नीता हातात चिमटा घेऊन धावत आली. "अगं बाई! काय झालं? काय म्हणतेय ती?"

जाईने आईवरची नजर काढली नाही.

"रागावलीय," ती म्हणाली.

"ते दिसतंय. पण एवढं काय बोलतेय?"

"बस, रागावलीय, मावशी."

नीताने योगिनीकडे पाहिलं. योगिनीने बाकावरचं अर्धवट सोललेलं संत्रं उचललं आणि उरलेली साल काढायला लागली. मागे कणसं करपल्याचा वास येत होता, प्रबोध कोणाला तरी हाक मारत होता. समोर चित्राचे हात अजून चाललेच होते, आणि आता मधूनमधून जाईचेही.